यादी त्यांची, तपासणी आपली

2019 च्या नोव्हेंबरात ॲपल कंपनीने अमेरिकेच्या अर्थखात्याशी तडजोड करून 4 लाख 66 हजार 912 डॉलर भरले. ॲपलच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ. कारण मात्र किरकोळ नव्हते. ‘एसआयएस’ नावाची स्लोव्हेनियातील एक कंपनी ॲपलच्या दुकानात आपली सॉफ्टवेअर विकत असे. फेब्रुवारी 2015 मध्ये अर्थखात्याच्या ‘ओफॅक’ या कार्यालयाने तिला निर्बंधयादीत घातले. ॲपलकडे नावे चाळणारी संगणकप्रणाली होती आणि ती चालूही होती. पण कंपनीच्या नावाला जोडलेली ‘डी.ओ.ओ.’ ही अक्षरे, म्हणजे आपल्याकडच्या ‘प्रायव्हेट लिमिटेड’ची तिकडची बहीण, यादीत लहान लिपीत आणि मध्ये टिंबे देऊन छापली होती. ॲपलच्या नोंदीत ती मोठ्या लिपीत होती, टिंबांशिवाय. प्रणालीला ही दोन नावे एकच आहेत हे कळले नाही आणि यादीतल्या कंपनीला पैसे जात राहिले. पुढच्याच वर्षी ॲमेझॉनने अशाच तडजोडीत 1 लाख 34 हजार 523 डॉलर भरले. निर्बंध असलेल्या क्रिमियातला पत्ता एखाद्या ग्राहकाने ‘सी’ऐवजी ‘के’ अक्षराने लिहिला, तर तो त्यांच्या चाळणीतून सुखरूप निसटत होता.

जगातल्या सर्वांत श्रीमंत आणि संगणकात सर्वांत निष्णात अशा दोन कंपन्यांची ही कथा. मग जवाहरलाल नेहरू बंदरातून हळदीचे दोन कंटेनर पाठवणाऱ्या सांगलीच्या निर्यातदाराने काय करावे? त्याच्याकडेही हल्ली परदेशी खरेदीदाराचे किंवा बँकेचे पत्र येते: आपला माल घेणारा, त्याचा मालक, मध्यस्थ, जहाज, माल पोहोचल्याची सूचना घेणारी ‘नोटिफाय पार्टी’, यांपैकी कुणी कोणत्याही निर्बंधयादीत नाही असे लिहून द्या. तो लिहून देतो. फॉरवर्डरने दिलेला नमुना, खाली सही आणि शिक्का. त्या कागदावर त्याने काय कबूल केले आहे, हे बहुतेकदा त्यालाही माहीत नसते आणि घेणाऱ्यालाही.

सरकारांनी याद्या काढाव्यात की नाहीत, हा माझा वाद नाही. माझे म्हणणे एवढेच, की सरकारची ती यादी म्हणजे त्या दिवशीची राजकीय इच्छा असते, आणि ती राबवण्याचे काम ज्यांच्या गळ्यात पडले आहे त्यांना ना तपासाचे अधिकार आहेत, ना साधने, ना चूक झाल्यास कुणाचे संरक्षण. या व्यवस्थेला ‘कम्प्लायन्स’ असे गुळगुळीत नाव मिळाल्यामुळे तिच्यातला हा पेच दिसेनासा झाला आहे.

अमेरिकेचा कायदा सांगलीत कसा पोहोचतो, हे आधी सांगितले पाहिजे. निर्यातदार त्या कायद्याला बांधलेला नाही. पण त्याचे बिल डॉलरमध्ये आहे आणि डॉलरमधला व्यवहार कुठे ना कुठे न्यूयॉर्कमधल्या बँकेतून वळतो. ती बँक त्या कायद्याला बांधलेली आहे. 2014 मध्ये बीएनपी पारिबा या फ्रेंच बँकेने सुदान, इराण आणि क्युबा यांच्याशी संबंधित व्यवहारांपायी सुमारे 8.97 अब्ज डॉलरचा दंड पत्करला. त्यानंतर जगातल्या प्रत्येक बँकेने धडा घेतला, आणि तो घाबरण्याचा होता. शंका आली की व्यवहार थांबवायचा. थांबवल्याबद्दल बँकेला दंड होत नाही, सोडल्याबद्दल होऊ शकतो. असा एकतर्फी हिशेब पुढे ठेवला तर विवेकी माणूसही काय करील, ते सांगायला नको.

आता उलट बाजूची चूक पाहा. 2011 मध्ये कॅलिफोर्नियात एक गृहस्थ गाडी घ्यायला शोरूममध्ये गेले. पतमाहिती पुरवणाऱ्या ट्रान्सयुनियन कंपनीच्या अहवालात त्यांच्या नावापुढे शेरा होता: हे नाव ओफॅकच्या यादीशी जुळते. विक्रेत्याने गाडी विकायला नकार दिला. शेवटी ती पत्नीच्या नावाने घ्यावी लागली. कंपनी फक्त पहिले नाव आणि आडनाव जुळवत होती, जन्मतारीख हाताशी असूनही नाही. खटला झाला आणि त्यात अशाच शेऱ्याचे 8,185 लोक सामील होते. ज्युरीने 6 कोटी डॉलरची भरपाई ठरवली. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जून 2021 मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी निकाल लागला: ज्या 1,853 लोकांचा अहवाल प्रत्यक्षात तिसऱ्याकडे गेला त्यांनाच या चुकीच्या शेऱ्याबद्दल दाद मागता येईल. उरलेल्या सहा हजारांवर लोकांच्या नावापुढे ‘दहशतवाद्याशी जुळणारा’ हा शेरा होता, पण तो कंपनीच्या दप्तरातच राहिला, म्हणून त्यांचे नुकसान झालेले नाही! कायद्याच्या दृष्टीने हा युक्तिवाद कदाचित नेटका असेल. पण दप्तरातला शेरा कधी बाहेर पडेल याचा नेम नसलेल्या माणसाला तो पटणे कठीण आहे.

ही गोष्ट महाराष्ट्राला परकी नाही. दाऊद इब्राहिम कासकर याचे नाव अमेरिकेने ऑक्टोबर 2003 मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांनी त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात यादीत घातले. ते योग्यच होते. 1993 चे बॉम्बस्फोट पाहिलेल्या मुंबईला ते समजावून सांगायला नको. पण त्या नोंदीत जन्मस्थळ रत्नागिरी आहे, सोबत अनेक टोपणनावे आणि पासपोर्टांचे क्रमांक आहेत, आणि त्या टोपणनावांत हसन, शेख, इब्राहिम अशी कोकणातल्या मुसलमान घरांत सर्रास आढळणारी नावे गुंफलेली आहेत. याच पट्ट्यातली माणसे पिढ्यान्‌पिढ्या आखातात राबायला गेली. शिवाय आपल्या नावांची घडण वेगळी. मधले नाव बापाचे. बापाचे नाव इब्राहिम आणि मुलाचे दाऊद, हा कुठल्याही जमातखान्याच्या हजेरीपटात शोभणारा योगायोग. पाश्चात्त्य सॉफ्टवेअरला मधले नाव म्हणजे असले तर असले, नसले तरी चालेल अशी वस्तू वाटते, आपल्याकडे तर माणूस ओळखला जातो तो त्याच्यावरून. आडनाव गाळून पहिली दोन नावे जुळवली की आखातातून घरी पैसे पाठवणारा एखादा गवंडी मोठ्या गुन्हेगारासारखा दिसू लागतो. यंत्र लाल खूण करते, पैसे ‘होल्ड’वर जातात, आणि आपण तो नव्हे हे सिद्ध करायला त्याच्याकडे कागद मागितले जातात.

नावे जुळवण्याची ही विद्याही कुठून आली, ते मजेशीर आहे. ओफॅकच्या स्वतःच्या शोधयंत्रात ‘साउंडेक्स’ ही पद्धत वापरतात. तिचे पेटंट 1918 चे, रॉबर्ट रसेल या अमेरिकन माणसाचे. नावाचे पहिले अक्षर तसेच ठेवायचे, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर सोडून द्यायचे. इंग्रजी वळणाच्या आडनावांना ती बरी लागू पडते. पण पहिले अक्षरच बदलले तर? क्रिमिया ‘सी’ने लिहा किंवा ‘के’ने, साउंडेक्सला ती दोन वेगळी गावे. आपला ज्ञानेश्वर रोमन लिपीत ‘डी’ने, ‘जी’ने आणि ‘जे’ने, अशा तीन प्रकारे लिहिला जातो, म्हणजे त्या पद्धतीच्या लेखी ही तीन माणसे. शेख, शैख, शेक यांना मात्र ती पद्धत एकच मानते. म्हणजे जे वेगळे आहेत ते एक होतात आणि जो एक आहे तो तीन होतो. आधुनिक प्रणालींमध्ये याहून सूक्ष्म गणिते आहेत, हे खरे. पण उंबरठा कुठे ठेवायचा, ऐंशी टक्के जुळल्यावर थांबायचे की नव्वद, हे अखेर कुणीतरी माणूसच ठरवतो. तो तुम्हाला विचारत नाही, आणि मलाही विचारत नाही.

यादी कुणाची आणि कशासाठी, याकडे वळू. व्यापाऱ्यांच्या काळ्या यादीची आधुनिक परंपरा पहिल्या महायुद्धातली. जुलै 1916 मध्ये ब्रिटनने जाहीर केलेल्या यादीत अमेरिकेतल्याच 80 हून अधिक व्यक्ती आणि कंपन्या होत्या. जर्मनीशी संबंध असल्याच्या संशयावरून ब्रिटिश प्रजेला त्यांच्याशी व्यापार करायला बंदी झाली. तटस्थ अमेरिका संतापली. राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या सरकारने लंडनला निषेधाचे पत्र धाडले: आमच्या हद्दीतल्या माणसाशी कुणी व्यवहार करावा हे तुम्ही कोण ठरवणार? एप्रिल 1917 मध्ये अमेरिका युद्धात उतरली आणि वर्ष संपायच्या आत तिने स्वतःची शत्रुव्यापार-यादी काढली. जुलै 1941 मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या सुमारे 1800 नावांची ‘घोषित यादी’ निघाली, तीही पर्ल हार्बरच्या आधी, म्हणजे अमेरिका कागदोपत्री तटस्थ असताना. ज्या पद्धतीचा 1916 मध्ये निषेध झाला, तीच पाव शतकात परराष्ट्रनीतीचा नेहमीचा भाग बनली. 1950 च्या डिसेंबरात, चीन कोरियाच्या युद्धात उतरल्यावर, आजच्या ओफॅकचा मूळ विभाग स्थापन झाला.

आपल्याला हा इतिहास 1998 मुळे अंगावर आला. पोखरणच्या चाचण्यांनंतर अमेरिकी वाणिज्य खात्याने त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या ‘एन्टिटी लिस्ट’मध्ये, म्हणजे परवान्याशिवाय अमेरिकी माल पाठवता येत नाही अशांच्या यादीत, भारतातली नावे एकामागून एक चढवली, उपसंस्था धरून दोनशेच्या आसपास. त्यांत तुर्भ्याचे भाभा अणुसंशोधन केंद्र होते, इस्रो होती, पुण्याच्या पाषाणमधली संरक्षण संशोधनाची शस्त्रास्त्र प्रयोगशाळाही. गोदरेज अँड बॉइससारखी खासगी कंपनीही होती. इतकेच नव्हे, जड पाण्याच्या प्रकल्पांना खेटून उभे असलेले अमोनियाचे कारखाने यादीत आले, आणि अलिबागजवळच्या थळ-वायशेतचे नाव त्यात होते. म्हणजे शेतकऱ्याचे खत बनवणारा कारखाना शेजारच्या पापाने बाटला. या संस्थांनी तोवर कुणाला फसवले होते, असे कुणी म्हटले नव्हते. भारताने स्वतःच्या भूमीवर स्वतःची चाचणी केली आणि वॉशिंग्टनला ती पटली नाही, एवढाच गुन्हा.

पुढची पाने जास्त बोलकी आहेत. डिसेंबर 1999 मध्ये काही नावे वगळली गेली. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर अमेरिकेला दक्षिण आशियात मित्र हवे होते, त्यामुळे अनेक निर्बंध सैल झाले. 2011 च्या जानेवारीत इस्रोच्या आणि संरक्षण संशोधनाच्या उरलेल्या उपसंस्था सुटल्या, पाषाणची प्रयोगशाळाही. आणि जानेवारी 2025 मध्ये, बायडन सरकारच्या अगदी शेवटच्या दिवसांत, भाभा केंद्र, कल्पाक्कमचे इंदिरा गांधी केंद्र आणि इंडियन रेअर अर्थ्‌स यांची नावे निघाली. 26 वर्षांत तुर्भ्यात असे काय बदलले? तिथले संशोधन तेच होते. बदलले ते चीनशी अमेरिकेचे वागणे आणि भारताची गरज. यादीला दोषसिद्धी मानणाऱ्या माणसाने हा कालक्रम एकदा शांतपणे वाचावा. हल्लीचे उदाहरण तर महिन्यांत मोजण्यासारखे. 29 सप्टेंबर 2025 रोजी अमेरिकेने नियम केला, की एन्टिटी लिस्टवरील कंपनीची किमान 50 टक्के मालकी असलेली प्रत्येक कंपनी आपोआप यादीत आहे असे समजा. चीनशी समेट झाला आणि 10 नोव्हेंबरपासून तोच नियम वर्षभरासाठी बासनात गेला. त्या सहा आठवड्यांत जगभरच्या निर्यातदारांनी आपापल्या ग्राहकांचे मालकीहक्क उकरायला किती पैसे घातले असतील, देव जाणे.

आणि दोन याद्या परस्परांच्या उरावर बसल्या तर? डिसेंबर 2021 मध्ये अमेरिकेने शिंजियांगमधल्या सक्तीच्या श्रमाविरुद्ध कायदा केला. तिथला कापूस वापरलेला माल जून 2022 पासून सीमेवर अडवला जातो. ‘कॅल्व्हिन क्लाइन’ आणि ‘टॉमी हिलफिगर’ या ब्रँडांची मालक पीव्हीएच कंपनी शिंजियांगचा कापूस टाळत होती. फेब्रुवारी 2025 मध्ये चीनने तिला स्वतःच्या ‘अविश्वसनीय घटकां’च्या यादीत टाकले, कापसावर बहिष्कार घातल्याच्या आरोपावरून. एका राजधानीत कायदा पाळलात म्हणून दुसऱ्या राजधानीत शिक्षा. आपल्याकडे याचा अनुभव नायरा एनर्जीला आला. गुजरातमधल्या वाडीनारची ही तेलशुद्धी कंपनी, तिच्यात रशियाच्या रोझनेफ्टचा हिस्सा 49.13 टक्के, म्हणजे अर्ध्याच्या रेषेखाली एका केसाने. युरोपीय संघाने 18 जुलै 2025 रोजी तिलाच नावाने यादीत घातले. काही दिवसांतच मायक्रोसॉफ्टने तिचे ईमेल आणि इतर सेवा बंद केल्या, पैसे भरलेले असूनही. भारत सरकार एकतर्फी निर्बंध मानत नाही, ही आपली जाहीर भूमिका आहे. अमेरिकेनेही या कंपनीवर तेव्हा बंदी घातलेली नव्हती. नायरा दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि सेवा पुन्हा सुरू झाल्या. मोठी कंपनी होती, वकील होते, म्हणून आठवड्याभरात सुटली. भिवंडीतल्या कपडेवाल्याचे मेल असे बंद पडले तर त्याने कोणत्या कोर्टात जावे?

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग या याद्या फेकूनच द्या. तसे मला वाटत नाही. ऑक्टोबर 2003 मध्ये ‘बीबीसी चायना’ नावाचे जहाज इटलीच्या बंदरात नेऊन उतरवले तेव्हा लिबियाला जाणारे सेंट्रिफ्यूजचे सुटे भाग सापडले. मलेशियात बनलेले आणि दुबईमार्गे निघालेले. पाकिस्तानच्या अब्दुल कादीर खान यांच्या जाळ्याचा हा माल. भाग बनवणाऱ्या कारखान्याने सांगितले, आम्हाला वाटले हे तेल-वायू उद्योगासाठी आहे. हे ऐकून हसू येते, पण पुण्याच्या पिंपरी-चिंचवडमध्ये लेथवर घट्ट मापात भाग कातणाऱ्या कित्येक कारखान्यांना उद्या हेच म्हणावे लागू शकते. भारताचा 2005 चा सामूहिक संहाराच्या शस्त्रांविषयीचा कायदा नेमका याचसाठी आहे. 2022 च्या दुरुस्तीने त्यात पैसा पुरवण्यावरही बंदी आली. दुहेरी उपयोगाच्या वस्तूंची ‘स्कोमेट’ यादी आणि शेवटचा वापर करणाऱ्याचे प्रमाणपत्र, ही साधने आपल्याकडे आहेत.

पण त्या जहाजाकडून एक गोष्ट कळते, जी यादीचे विक्रेते सांगत नाहीत. नाव जुळवून ते पकडले गेले नसते. दुबईतल्या कागदी कंपनीचे नाव नवे होते. यादीत कालच्या लबाडाचे नाव असते, आजच्याचे नसते. फेब्रुवारी 2022 नंतर, म्हणजे रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यानंतर स्थापन झालेली, आखातातल्या किंवा मध्य आशियातल्या पत्त्यावरची, कधी इलेक्ट्रॉनिक्स न विकलेली कंपनी अचानक चिप मागू लागते, तेव्हा संशय नावावर घ्यायचा नसतो. तो मालावर, मार्गावर आणि वापरावर घ्यायचा असतो. त्यासाठी प्रश्न विचारणारा माणूस लागतो. नाव जुळवून हिरवी खूण मिळवली की काम झाले, ही समजूत पसरल्यामुळे हा प्रश्न विचारणेच मागे पडले आहे. कारण पावती संगणकाकडून मिळते, आणि पावतीने दंड टळतो. तपासणी झाल्याचा पुरावा ठेवणे आणि तपासणी करणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि बाजार पहिलेच विकत घेतो.

ई.एल.एफ. कॉस्मेटिक्स या अमेरिकन कंपनीचे उदाहरण घ्या. चिनी पुरवठादारांकडून ती खोट्या पापण्या आणत होती, त्यांतले साहित्य उत्तर कोरियातले निघाले. जानेवारी 2019 मध्ये 9 लाख 96 हजार 80 डॉलर भरून तिने तडजोड केली. पुरवठादारांची नावे यादीत नव्हती, त्यामुळे नावे चाळून काहीच हाती लागले नसते. लागले असते ते कच्चा माल कुठून येतो, हे विचारल्यावर.

यादीत घालणाऱ्यानेही काही उत्तर द्यावे, अशी अपेक्षा जुनी नाही. सौदी उद्योजक यासीन कादी यांचे नाव 2001 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यादीत गेले, युरोपने त्यानुसार मालमत्ता गोठवली. कारण विचारायची सोय नव्हती. 3 सप्टेंबर 2008 रोजी युरोपीय न्यायालयाने सांगितले, सुरक्षा परिषदेचा ठराव असला तरी माणसाला आरोप कळणे आणि त्याला उत्तर देता येणे हा हक्क संपत नाही. पुढच्या वर्षी सुरक्षा परिषदेने अल कायदाच्या यादीपुरती तक्रार ऐकणाऱ्या ‘ओम्बड्‌सपर्सन’चे पद निर्माण केले. कादी यांचे नाव ऑक्टोबर 2012 मध्ये निघाले. माणूस निर्दोष होता की नाही, यावर माझे मत नाही. महत्त्वाचे हे, की कोर्टाचा दट्ट्या बसल्याशिवाय दार उघडले नाही, आणि इतर बहुतेक याद्यांना आजही तसले दार नाही.

आपले घर तपासायचे तर आपलीही एक यादी आहे. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या ‘डीईएल’मध्ये, म्हणजे नकारयादीत, परदेशी दहशतवादी नसून आपलेच निर्यातदार असतात. निर्यातबंधन पूर्ण केल्याचे प्रमाणपत्र वेळेत न मिळवणारे बरेच. त्यात नाव लागले की परवाने अडतात; नंतर आदेश काढून तात्पुरती स्थगिती दिली जाते, पुन्हा वाढवली जाते. कारकुनी विलंब आणि लबाडी यांना एकाच रकान्यात टाकणारी यादी निर्यातदाराला शिस्त लावते की नुसती टांगणीला लावते, याचा विचार व्हायला हवा. हजारोंच्या एकत्र यादीत अपराधाचे वजन वेगवेगळे दिसतच नाही, ही खोड सर्व याद्यांत सारखी आहे.

निर्यातदाराने स्वतः काय करावे, ते व्यवहाराचे आहे. नाव जुळले तर तिथेच न थांबता जन्मतारीख, कंपनीचा नोंदणी क्रमांक, देश, मालक पाहावेत. जुळत नसेल तर का नाही, हे दोन ओळींत लिहून फाइलला लावावे. माल आणि वापर यांवर प्रश्न विचारावेत, आणि उत्तर टाळणारा ग्राहक असेल तर ऑर्डर मोठी असली तरी सोडावी. नमुन्यातल्या ‘कोणत्याही यादीत नाही’ या वाक्याच्या जागी ‘या तारखेला, या याद्यांत, या नावांनी शोधले, सापडले नाही’ असे लिहिण्याचा आग्रह धरावा. पहिले वाक्य कुणीही प्रामाणिकपणे लिहू शकत नाही, दुसरे लिहू शकतो.

मोठा भाग मात्र सरकारचा. युरोपने 1996 मध्येच परकीय निर्बंधांविरुद्ध आपल्या कंपन्यांना आधार देणारा कायदा केला आणि 2018 मध्ये तो वाढवला. चीनने 2021 मध्ये तसेच केले. ते कायदे फारसे दात नसलेले आहेत, कारण न्यूयॉर्कची बँक ब्रसेल्सचे ऐकत नाही. भारताकडे तसला कायदा नाही, आणि तो करून डॉलरचे राज्य संपेल असा माझा भ्रम नाही. पण साधी गोष्ट करता येईल. संयुक्त राष्ट्रांच्या याद्या आणि आपल्या सरकारच्या याद्या यांचे बंधन भारतीय कायद्याचे आहे. वॉशिंग्टन, ब्रसेल्स आणि बीजिंगच्या याद्यांचे तसे नाही. हा फरक महासंचालनालयाने स्वच्छ मराठीत आणि हिंदीत निर्यातदारांसमोर मांडावा, आणि एकत्रित शोधाची मोफत सोय द्यावी. आज ही सोय खासगी कंपन्या वर्षाला पैसे घेऊन विकतात. बँकेने नाव जुळल्याच्या कारणावरून पैसे अडवले तर ठरावीक दिवसांत निर्णय आणि, तपासाला बाध न येता देता येईल तेवढे, लेखी कारण, एवढे मागणे जास्त नाही. रिझर्व्ह बँकेची एकत्रित लोकपाल योजना ग्राहकाच्या तक्रारी ऐकते, पण परदेशी बँकेने नाकारलेल्या व्यवहाराबद्दल आपल्या निर्यातदाराची बाजू घेऊन पत्र लिहिणारा अधिकारी दिल्लीत कोणत्या टेबलावर बसतो, हे सांगलीच्या निर्यातदाराला विचारून पाहा.